बापाचा गुण, लेकीच्या पोटी

तो मेंढा आमच्याकडे आला २०१६ च्या आषाढात, टेम्पोच्या हौद्यात उभा राहून. अंगानं काळा, कपाळावर पांढरा टिळा, बाकी आमच्या माणदेशातल्या कुठल्याही दख्खनी मेंढ्यासारखाच. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याला खाली उतरवून आधी दात पाहिले. मग पाठीवर कण्यालगत चार बोटं दाबली. मग मागून जाऊन दोन्ही गोळ्या हातात तोलल्या. सगळं बेस होतं.

"मेंढा चांगला हाय," ते म्हणाले. "पर ह्येच्यात जुळ्याचं काय दिसतंय?"

दिसण्यासारखं काहीच नव्हतं आणि सगळी मेख तिथंच होती. त्याच्या रक्तात एक गुण आहे, एवढं मी कागदावर वाचलेलं. तो कागद मी मामांना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि घडी घालून मला परत दिला.

आमचा कळप लहान आहे. मामांचे गुडघे गेल्यापासून वाडा, म्हणजे बिऱ्हाडासकट कळप, घेऊन कोकणात उतरणं बंद झालं आणि दीडशेवरून मेंढरं चौतीसवर आली. दिवसा माळावर चराई, रात्री घरामागच्या वाघरीत. दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते. जुळं इतकं क्वचित होतं की त्याची गावात बातमी होते. म्हणजे चौतीस मेंढ्या सांभाळून हातात पडणार तीसेक कोकरं, त्यातली चारपाच मरणार, काही माद्या कळपात ठेवायच्या, उरलेल्या नरांवर वर्षाचा बाजार. कळप वाढवायचा तर माळ कुठं आहे? माळावर आता सौरऊर्जेची कुंपणं आहेत, डाळिंबाच्या बागा आहेत. तेव्हा तेवढ्याच मेंढ्यांनी जास्त कोकरं दिली तरच काही खरं, हे माझं लग्नाआधीपासूनचं मत. लग्नाआधीपासूनचं, कारण मी फलटणला बीएस्सी केली आणि दुसऱ्या वर्षाला असताना आम्हाला निंबकर कृषी संशोधन संस्थेचा मेंढ्यांचा गोठा बघायला नेलं होतं. बाकीच्या मुली वासानं नाकाला ओढणी लावून बाहेर उभ्या. मी धनगराची, मला त्या वासाचं काय! मी आत राहून सगळं ऐकलं.

तिथं ऐकलेली गोष्ट अशी. बंगालमध्ये सुंदरबनात गारोळ नावाची मेंढी आहे. चिखलात चरणारी, बारकी, मोठी मेंढीही बारा-चौदा किलोच्या आसपास. आपल्याकडच्या माणसाला ती कोकरूच वाटेल. पण ती दोन-दोन, तीन-तीन पिलं देते. १७९२-९३ च्या सुमारास कोलकात्याहून काही बंगाली मेंढरं जहाजानं ऑस्ट्रेलियात गेली. पुढे दीडशे वर्षांनी तिथल्या बुरूला नावाच्या एका मेंढीफार्मवरच्या मेरिनो मेंढ्या जुळी-तिळी देतात म्हणून शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं. हा पुष्कळ जनुकांचा मिळून झालेला परिणाम नाही, एकाच जनुकाचं काम आहे, हे १९८० च्या सुमारास मांडलं गेलं. त्याला नाव पडलं फेकबी. नेमकं जनुक सापडलं २००१ मध्ये, तीन वेगवेगळ्या देशांतल्या गटांना, साधारण एकाच वेळी. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर, डीएनएच्या एका अक्षराचा बदल, बस! आणि पुढच्याच वर्षी गारोळमध्ये तोच बदल असल्याचं दिसलं. म्हणजे बुरूलाचं माहेर बंगालच.

फलटणला बनबिहारी निंबकरांनी आणि पुढे डॉ. चंदा निंबकरांनी हा गुण दख्खनी मेंढीत आणायचं काम हाती घेतलं होतं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातली विद्यापीठं सोबतीला. काम ऐकायला सोपं वाटतं. गारोळ मेंढा, दख्खनी मेंढी, झालं. पण तसं केलं की कोकरं निम्मी गारोळ होतात, म्हणजे बारकी, आणि बारक्या कोकराला बाजारात कोण विचारतो? म्हणून त्या कोकरांचा संकर पुन्हा दख्खनीशी, पुन्हा दख्खनीशी. दर पिढीला गारोळचं रक्त निम्म्यानं कमी, पण दर पिढीत फक्त तो एक गुण असलेलीच जनावरं पुढे न्यायची. घोंगडीतला एकच लाल धागा शाबूत ठेवून बाकीची घोंगडी पुन्हा काळ्या लोकरीनं विणत जावं, तसं. त्यातून जी मेंढी तयार झाली तिचं नाव नारी सुवर्णा.

आमचा मेंढा थेट संस्थेतला नव्हता. माझ्या मावसभावानं तिथून आणलेल्या मेंढ्याचा हा मुलगा. त्याचं रक्त तपासून घेतलेलं होतं. गुणाची एक प्रत होती, दोन नव्हत्या. म्हणजे त्याच्या निम्म्या लेकरांत गुण उतरणार, निम्म्यांत नाही. कुठल्या निम्म्यांत, ते देवाला ठाऊक किंवा प्रयोगशाळेला.

आता मामांना हे कसं समजवायचं? मी फळ्यावर शिकवल्यासारखं सुरू केलं आणि दोन मिनिटांत त्यांनी तंबाखू मळायला घेतली. मग मला सुचलं. म्हटलं, "मामा, वळूला दूध असतंय का?"

"वळूला? खुळी का काय?"

"मग वळू निवडताना त्याच्या आईचं दूध कशाला विचारता?"

त्यांचा अंगठा तळहातावर थांबला. "म्हंजी ह्यो जुळी करणार न्हाय. ह्येच्या लेकी करणार."

"निम्म्या लेकी."

"आन् त्या लेकी विणार कवा?"

मी बोटांवर मोजून सांगितलं. आत्ता मेंढा सोडला की पाच महिन्यांनी कोकरं. त्यातल्या माद्या वर्षाच्या पुढे गेल्या की गाभण जाणार, आणखी पाच महिने. दोन वर्षं. मामांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली. "दोन वर्सं," एवढंच म्हणाले.

मेंढा सोडण्यापूर्वी त्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू फासला. जी मेंढी फळली तिच्या ढुंगणावर लाल ठसा उमटतो. वहीत तिचा नंबर लिहायचा. मेंढीचा माज सतरा दिवसांनी परततो, म्हणून सतराव्या दिवशी गेरू पुसून पिवळा रंग लावला. जिच्यावर पिवळा ठसा आला, ती पहिल्या खेपेला राहिली नव्हती. मामा हसत होते, "भंडाराच उधळलास की गं ह्येच्यावर." पण वहीत तारखा बरोबर पडल्या आणि कोणती मेंढी कधी विणार ते आधी कळायला लागलं. हे मामांना जनुकापेक्षा जास्त आवडलं. खरं सांगायचं तर मलाही.

मार्गशीर्षात मेंढ्या व्यायल्या. अठ्ठावीस मेंढ्या, अठ्ठावीस कोकरं. एकसुद्धा जुळं नाही. व्हायचं नव्हतंच, पण गावाला ते कोण सांगणार? "काय वं, जुळ्याचा मेंढा आणला हुता न्हवं?" असं विचारायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून यायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तर पार कंटाळल्या. मामा मात्र, आश्चर्य म्हणजे, कुणालाही तोंडावर सांगायचे, "वळूला दूध असतंय का रं?"

तेरा माद्या होत्या. दोन गेल्या, एक हगवणीनं आणि एक कुत्र्यांनी. उरलेल्या अकरांचं रक्त तपासायचं होतं. गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त काढायला शिकवलं. कोकरू दोन गुडघ्यांत धरायचं, मान वर आणि किंचित बाजूला. गळ्याच्या खोबणीतली लोकर कातरीनं उतरवायची. खाली अंगठा दाबला की शीर वर येते, करंगळीएवढी नाही, पण बोटाला लागेल अशी, टम्म. सुई तिरकी. रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत घ्यायचं, कारण त्यात गोठू न देणारं औषध असतं, आणि नळी हलवायची नाही, सावकाश उलटीपालटी करायची. माझी पहिली दोन कोकरं घाबरून माझ्या साडीवरच मुतली. तिसऱ्यापासून हात बसला.

नळ्या बर्फाच्या थर्मासात घालून एसटीनं गेले. आणि घरी येऊन वही बघते तर बारा आणि एकवीस या दोन बिल्ल्यांच्या नळ्यांवरचे आकडे एकाच्या जागी दुसरा पडल्यासारखे वाटले. पडलेच होते की नुसतं वाटत होतं? ठरवता येईना. रात्रभर झोप नाही. सकाळी दोघींचं पुन्हा रक्त काढलं, पुन्हा एसटी. प्रयोगशाळेतल्या ताईंनी काही न बोलता नळ्या घेतल्या, पण तेव्हापासून मी नळीवर आकड्यासोबत कोकराची खूणही लिहिते. "१२, डावा कान कापलेला."

तिथं त्या रक्तातून डीएनए वेगळा करतात. जनुकाचा फक्त तेवढा तुकडा, १९० अक्षरांचा, यंत्रात लाखो पटींनी वाढवतात. मग त्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम, घालतात, जे विशिष्ट अक्षरं दिसली तरच कात्रीसारखं कापतं. गुण असलेला तुकडा कापला जाऊन १६० आणि ३० चे दोन होतात, नसलेला १९० चा अखंड राहतो. जेल नावाच्या जेलीसारख्या थरावर त्याच्या रेघा उमटतात, मोठा तुकडा वर, लहान खाली. एकच वरची रेघ, गुण नाही. एकच खालची, दोन्ही प्रती गुणाच्या. दोन रेघा, एक प्रत. ताईंनी मला फोटो दाखवला. काळ्या पाटीवर पांढऱ्या खडूनं मारलेल्या बारीक रेघोट्या, आणि त्यात आमची अकरा कोकरं ओळीनं उभी. माझ्या अंगावर काटा आला, उगाच कशाला लपवू. अकरातल्या सहा जणींच्या दोन रेघा होत्या.

भांडण पुढे होतं.

मामांनी नजरेनं केव्हाच निवड केली होती. त्यांची लाडकी होती बाणू. लांब पाठ, रुंद छाती, नाक बाकदार, तीन महिन्यांत सगळ्या कोकरांत उंच. बाणूची रेघ एक. वरची. गुण नाही. आणि त्या सहांमध्ये एक होती, जिला आत्याबाई चिमणी म्हणायच्या, कारण ती जन्मली तेव्हा मुठीत मावत होती. तिची आई दुधाला कमी, हिची वाढ खुंटलेली. मामा तिला बाजारात काढणार होते. तिच्या रेघा दोन.

"ह्या किरटीला ठिवायचं आन् बाणूला इकायचं? कागद बघून?" मामांचा आवाज चढला.

मी म्हटलं, विकायचं कोण म्हणतंय? बाणू चांगलीच आहे, एक कोकरू देईल पण दणकट देईल. दोघीही ठेवू. यांनी मध्ये पडून तसंच ठरवलं. पण मामांचं म्हणणं आज मागे वळून बघते तेव्हा पार चुकीचं नव्हतं. कागद एकाच गुणाबद्दल बोलतो. अंग, पाय, दूध, आईपण यांबद्दल तो गप्प असतो. ते बघायला मामांचीच चार बोटं लागतात.

मेंढा लेकींवर सोडायचा नाही, हे मामांना शिकवावं लागलं नाही. त्याला परत देऊन जतकडचा माडग्याळ जातीचा मेंढा आणला, आणि २०१८ च्या आषाढात त्या सहा जणी पहिलटकरणी म्हणून विणायला बसल्या.

पाऊस नव्हता. ते साल माणदेशाला चांगलं आठवतंय. माळ भाजलेला. मी शेवटचे दीड महिने त्या सहांना रोज मूठ-मूठ मक्याचा भरडा आणि पेंड घालत होते, शेवरीचा पाला आणत होते. पोटात दोन असतील तर शेवटच्या दिवसांत कोकरांची वाढ झपाट्यानं होते आणि मेंढीच्या पोटात चाऱ्याला जागाच उरत नाही. थोडक्यात जास्त कस असलेलं खाणं द्यावं लागतं.

पहिल्या दोघींनी एक-एक दिलं. गुण असला म्हणजे दर वेताला जुळंच असं नाही, त्यात पहिलं वेत. मला ते माहीत होतं, तरी पोटात खड्डा पडला. तिसरी चिमणी. रात्री साडेदहाला एक कोकरू टाकलं, चाटलं, उठवलं, आणि ती त्याला घेऊन वाघरीच्या कोपऱ्याकडे निघाली. मी बॅटरी मारली तर ती चालता चालता पुन्हा बसली. दुसरं! मी मामांना हाका मारत सुटले. मामा काठी टेकत आले, बॅटरीच्या उजेडात दोन ओली काळी कोकरं बघितली आणि नुसतं "बिरोबा" म्हणाले.

पण चिमणीला दुसरं नको होतं. पहिलटकरीण. एक चाटून झाल्यावर तिच्या लेखी बाळंतपण संपलं होतं. दुसरं जवळ गेलं की डोकं मारायची. मी शिकलेली, मला माहीत होतं की पहिल्या दोन-चार तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. चिमणीला दाबून धरून चीक पिळला, बाटलीत घेतला, कोकरू मांडीवर उताणं घेतलं, तान्ह्या बाळाला घेतात तसं, आणि निपल तोंडात दिलं. ते चोखेना. मी बाटली जरा दाबली. ते ठसकलं. वाटलं, पितंय. अजून दाबली.

सकाळी ते नाकातून फेस काढत होतं. दुपारी गेलं.

मामा रागावले नाहीत. त्यांनी नवं आलेलं दुसरं एक कोकरू उचललं आणि दाखवलं. ते चार पायांवर उभं, हनुवटी तळहातावर, मान आई पितानाच्या कोनात, वर नाही. आधी जिभेवर बोट, मग चोखतंय का बघायचं, चोखत नसेल तर पाजायचंच नाही, आधी शेकायचं. "उताणं पाजलं की छातीत जातंय. त्ये मानसाचं प्वार न्हवं." जीभ थंड लागली तर समजायचं अंग गार पडलंय. हे त्यांनी मला बारा वर्षांच्या पोराला सांगावं तसं सांगितलं आणि मी तसंच ऐकून घेतलं. माझ्या वहीत त्या कोकराच्या नावापुढे मेल्याचं कारण मी स्वतःच्या हातानं लिहिलंय.

पुढच्या दोन जुळ्यांना मामांनी सुरुवातीपासून हाताळलं. पहिलं कोकरू पडलं की लगेच बाजूच्या कुडात आई आणि कोकरू बंद, म्हणजे ती फिरत सुटत नाही. दुसरं पडलं की त्याच्या अंगावरची वार-पाणी आईच्या नाकाला पुसायचं, कोकरांच्या अंगावर चिमूट मीठ. ती चाटायला लागते. तीन दिवस तिघं कुडात. दोन्ही जुळी जगली. त्या सालात सहाजणींची नऊ कोकरं झाली, आठ वाचली.

वजनं मी ताणकाट्यावर घेतली. साडेतीन महिन्यांत एकुलतं कोकरू भरलं साडेसोळा किलो. जुळ्यातली दोघं, एक साडेबारा, एक पावणेबारा. मामा आधी म्हणायचे, एक ना धड, भाराभर चिंध्या. ते सव्वाचोवीस किलोंचा हिशेब ऐकून गप्प बसले, पण मग बरोबर मुद्द्यावर बोट ठेवलं, "भरड्याचं किती गेलं?" ते वजा जाता फायदा उरला, पण मी मनात जेवढा धरला होता तेवढा नाही. लोणंदच्या बाजारात व्यापारी काट्यावर घेत नाही, नजरेवर घेतो, आणि लहान दिसलं की भाव पाडतो. म्हणून आता जुळ्यातली कोकरं आम्ही महिनाभर उशिरा काढतो.

माझ्या भावाला मी हे सगळं सांगितलं. त्याची दीडशे मेंढरं आहेत, दिवाळी झाली की वाडा कोकणाकडे. तो सगळं ऐकून म्हणाला, "ताई, घाट उतरताना काखेत एक मावतंय. दुसरं कुटं धरू?" मी त्याला आग्रह केला नाही. चालत्या वाड्याला दोन कोकरांची मेंढी ओझं आहे. भरडा कुठून आणणार, कूड कुठं बांधणार? हा गुण माझ्यासारख्या घरी बसलेल्या, सकाळ-संध्याकाळ मेंढीच्या पोटाकडे बघायला वेळ असलेल्या माणसाच्या कामाचा.

आता कळपात गुणाच्या एकोणीस मेंढ्या आहेत. चिमणी म्हातारी झाली. दुसऱ्या वेतापासून तिनं चार वेळा जुळी दिली आणि आता कुणालाही डोकं मारत नाही. बाणू प्रत्येक वेताला एकच देते, पण तिचं कोकरू बाजारात सगळ्यात आधी जातं आणि मामा ते प्रत्येक वेळी मला ऐकवतात.

यंदा नवीन काम काढलंय. गेल्या वर्षी बाहेरून गुणाचा, पण नात्यातला नसलेला मेंढा आणून तो गुणाच्या मेंढ्यांवर सोडला. दोन्हीकडून एक-एक प्रत असली की चारातल्या एका कोकरात दोन्ही प्रती उतरण्याचा संभव. अशा नराची प्रत्येक लेक गुणाची निघणार, म्हणजे दर वर्षीच्या नळ्या, थर्मास, एसटी सगळं संपेल. तो फक्त साध्या मेंढ्यांवर सोडायचा. गुणाच्या मेंढ्यांवर सोडला तर लेकींत दोन-दोन प्रती जमायला लागतील, आणि तिळी पाजायला मेंढीला सड दोनच.

सात नर कोकरांचं रक्त सोमवारी दिलंय. जांभळी बुचं, आकडे, खुणा, सगळं दोनदा तपासून. फोन यायचाय. मामांनी मात्र त्यातल्या एकाच्या गळ्यात कालच घुंगरू बांधलं. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "पाठ बग की त्येची."